फेफरे, चप्पल आणि लोणी

रस्त्यात कुणाला फेफरे आले की आमच्याकडे पहिली धाव चपलेकडे. नाकाला चप्पल, नाही तर कांदा! घरात पोराला आले तर अंगारा, आणि पोरीला आले तर अळीमिळी गुपचिळी. १९९९ साली हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराची अट गेली; सातारा-सांगलीच्या सोयरिकीतून गेली काय?

दोन-दोन औषधांनीही गुण न येणाऱ्या मुलांसाठी एक पथ्य आहे. १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. वाइल्डर यांनी त्याला ‘कीटोजेनिक’ नाव दिले. उपाशी शरीर चरबी जाळते. त्यातून निघणाऱ्या कीटोनांवर मेंदू चालतो आणि पुष्कळ मुलांचे झटके कमी होतात. उपास न घडवता हे साधायचे, म्हणून वजनाने चार भाग स्निग्ध पदार्थ, तर प्रथिने आणि पिष्ट-साखर मिळून एकच भाग. म्हणजे लोणी, साय, खोबरेल; भाकरी जवळजवळ नाहीच. उसाच्या मुलखात पोराला गुळाचा खडा वर्ज्य! शेजारीण प्रेमाने कंदी पेढा देणार, तिला कोण अडवणार?

मूतखडा, खुंटलेली वाढ हे धोके आहेतच. डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीवाचून याच्या वाटेला जाऊ नये. मुंबईत डॉ. जनक नाथन यांनी हे पथ्य भारतीय जेवणात बसवले. पण माझ्या आईसारख्या, अक्षर न ओळखणाऱ्या बाईने ग्रॅम कसे मोजायचे? सरकारी रुग्णालयातून तिच्या हाती काटा आणि चित्रांचा तक्ता पडलाच पाहिजे. आपण रासेयोच्या शिबिरात दरवर्षी खड्डे खणतो. मित्रहो, एक वर्ष डॉक्टरांना विचारून हे तक्ते रंगवू.