लॅपटॉप तापतो, म्हणून काय बिघडले?

बारावीचा निकाल लागून प्रवेशाची धावपळ सुरू झाली की आपल्या पालकांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. मुलाला किंवा मुलीला लॅपटॉप कोणता घ्यावा? मुलांचे उत्तर तयार असते. वहीसारखा पातळ हवा आणि दुकानातला सर्वांत वेगवान हवा. घरात चर्चा होते, ठेवीतले पैसे मोडले जातात, लॅपटॉप येतो, त्याला हळदकुंकूही लागते. मग आठ-पंधरा दिवसांत दुसरा प्रश्न येतो : हा एवढा तापतो कसा? दुकानदाराने गंडवले तर नाही ना?

हा प्रश्न आता इतक्या घरांतून ऐकू येतो, की त्यावर या पानातून आमचे मत मांडावे असे आम्हांस वाटले. मत थोडक्यात असे : शक्तिमान आणि पातळ लॅपटॉप तापणे हा बहुधा बिघाड नसतो, पण आपल्या शहरात आणि आपल्या घरांत तो कसा वापरला जातो याकडे काणाडोळा करणे महागात पडू शकते. आणि मुळात तो घेण्याची गरज आहे का, हे तर आधीच पाहायला हवे.

प्रथम तापण्याचे कारण पाहू. दहावीच्या विज्ञानात विद्युतधारेचे औष्णिक परिणाम शिकवतात. लॅपटॉप जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णतेत बदलते. जोराचे काम करताना एखादा लॅपटॉप शंभर वॅट वीज घेत असेल, तर त्यातून निघणारी उष्णता जुन्या शंभर वॅटच्या दिव्याएवढी असते. तो पेटलेला दिवा हाताला कसा लागायचा, हे पालकांना आठवत असेलच. तीच उष्णता बोटभर जाडीच्या पेटीतून बाहेर काढायची असते. त्यासाठी आत तांब्याच्या नळ्या, पातळ पत्र्यांची जाळी आणि छोटा पंखा असतो. पेटी जितकी पातळ, तितका पंखा लहान आणि हवेची वाट अरुंद.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लॅपटॉपचे बाहेरचे अंग गरम लागते याचा अर्थ आतली उष्णता बाहेर पडते आहे. अॅल्युमिनियमचे अंग असलेल्या यंत्रात तर ते अंगच उष्णता पसरवण्याच्या कामी येते. शिवाय धातू उष्णतेचा सुवाहक, म्हणून तो प्लॅस्टिकपेक्षा हाताला जास्त चटका देतो. तेव्हा हाताला गरम लागणे एवढ्यावरून यंत्र वाईट ठरत नाही. आतल्या प्रोसेसरची तापमानमर्यादा साधारण ९५ ते १०५ अंश सेल्सिअस असते. ती जवळ आली की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो आणि त्यामुळे जळत नाही. दमलेला माणूस जिना चढताना पावले सावकाश टाकतो, तसेच हे.

पण म्हणजेच, ज्या वेगासाठी आपण जास्त पैसे मोजले, तो वेग लांबच्या कामात मिळतोच असे नाही. २०१८ साली अॅपलच्या मॅकबुक प्रोच्या बाबतीत हे जगभर गाजले. त्यातला सर्वांत महाग प्रोसेसर तापून हळू होतो, असे परीक्षकांनी दाखवून दिले. उष्णता सांभाळणाऱ्या प्रणालीत एक उणीव राहिल्याचे कंपनीने मान्य केले आणि त्याच जुलैमध्ये सुधारणा दिली. दोन वर्षांनी, २०२० मध्ये, त्याच कंपनीने मॅकबुक एअर हा पंखाच नसलेला लॅपटॉप नव्या, कमी वीज खाणाऱ्या चिपसह आणला. पातळपणा टिकवायचा तर उष्णता मुळातच कमी निर्माण झाली पाहिजे, हा त्यातला धडा.

आता आपल्या गावाचा विचार करू. थंड होण्याचा न्यूटनचा नियम सांगतो, की वस्तू आणि भोवतालची हवा यांच्या तापमानात जितका फरक, तितक्या वेगाने उष्णता बाहेर जाते. प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश धरली आणि खोली २५ अंशांवर असली, तर हा फरक ७० अंशांचा होतो. मे महिन्यात आपल्या माळ्यावरची, पत्र्याखालची खोली ४० अंशांवर असते. तेथे फरक उरतो ५५ अंशांचा. म्हणजे तेच यंत्र वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात सुमारे एकपंचमांश कमी उष्णता बाहेर टाकू शकते. वेग मात्र तेवढ्या प्रमाणात घटत नाही, कारण प्रोसेसर किंचित हळू चालवला तरी त्याची विजेची भूक बरीच कमी होते. ढोबळ हिशेबाने वेगातली घट आठ टक्क्यांच्या आसपास येते. याच हिशेबाने, पातळ यंत्र जाड यंत्राच्या निम्मीच उष्णता बाहेर टाकू शकत असले, तरी त्याचा वेग निम्मा होत नाही, चारपंचमांशाच्या जवळपास राहतो. म्हणून केवळ वेगाच्या दृष्टीने पाहिले, तर तापण्याचा बाऊ करण्याचे कारण नाही.

खरी काळजी बॅटरीची आहे. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरासाठी भोवतालचे तापमान ३५ अंशांपर्यंत असावे असे लिहिलेले असते. ते पान आपण कोणी वाचत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी पारा चाळीसच्या वर जातो, म्हणजे यंत्र सुरू करण्यापूर्वीच आपण ती मर्यादा ओलांडलेली असते. बारावीचे विद्यार्थी सांगतील, की तापमान १० अंशांनी वाढले तर कित्येक रासायनिक क्रियांचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. लिथियम-आयन बॅटरी म्हणजे बंद डबीतले रसायनच. उष्णतेने तिच्यातल्या नको त्या क्रियाही वेगाने होतात आणि ती लवकर म्हातारी होते. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी उष्णतेत ठेवणे सर्वांत वाईट. चोवीस तास चार्जर लावून ठेवलेला, वरून तापणारा लॅपटॉप दोन-तीन वर्षांत तासभरही टिकेनासा झाला, तर नवल नाही.

बॅटरी म्हातारी होणे हा पैशांचा प्रश्न झाला. ती फुगणे हा सुरक्षेचा प्रश्न आहे, आणि आमच्या मते आपल्या वस्तीसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. २००६ साली डेल कंपनीने आगीच्या धोक्यामुळे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या. २०१६ मध्ये सॅमसंगला गॅलेक्सी नोट ७ हा फोनच बंद करावा लागला. असे अपघात क्वचित होतात, हे खरे. पण घडियाळी पोळमधली जुनी घरे आठवा. लाकडी खांब, लाकडी तुळया, लाकडी जिने आणि घराला घर लागलेले. गल्ली एवढी चिंचोळी, की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तरी एकाला थांबावे लागते. येथे एका घरात गादीवर लागलेली आग त्या एका घराची राहत नाही. बंगल्यात राहणाऱ्याने केलेला निष्काळजीपणा त्याच्यापुरता असेल. पोळमध्ये तो शेजाऱ्याच्याही वाट्याला येतो.

म्हणून विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, काही गोष्टी तुम्हांला कळकळीने सांगाव्याशा वाटतात. लॅपटॉप गादीवर, गोधडीवर किंवा उशीवर ठेवून चालवू नका. हवा बहुधा खालून आत जाते. ती वाट बंद झाली, की चांगले यंत्रही घुसमटते. टेबल नसेल तर पाट घ्या, पोळपाट घ्या, पण बूड कठीण आणि सपाट असू द्या. मागच्या बाजूला एखादे पुस्तक सरकवून यंत्र थोडे उचलले, तर हवेला जागा होते. मात्र जाळी झाकू नका. रात्री उशाशी चार्जिंगला लावून झोपू नका. चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय पुष्कळ लॅपटॉपमध्ये असते, ती शोधून सुरू करा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर तो ठेवूच नका. लॅपटॉपचे बूड फुगलेले दिसले, टचपॅड वर उचलला गेला, किंवा सपाट टेबलावर यंत्र डुगडुगू लागले, तर ते बंद करा, चार्जर काढा आणि मोठ्यांना सांगा. फुगलेली बॅटरी दाबून पाहणे किंवा टोचणे म्हणजे आगीशी खेळ.

मांडीवर घेऊन तासन्‌तास खेळणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. २०१० साली ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात बारा वर्षांच्या एका मुलाची हकिकत छापून आली. तो काही महिने रोज लॅपटॉप मांडीवर घेऊन खेळत असे. त्याच्या डाव्या मांडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटले होते. कातडी भाजलेली नव्हती; सोसवेल एवढ्या उष्णतेचा दीर्घकाळ शेक बसल्याने ते झाले होते. शेगडीजवळ सतत बसणाऱ्यांना किंवा कांगडी पोटाशी धरणाऱ्या काश्मिरी लोकांना होणारे डाग याच जातीचे. नाव ‘लॅप’टॉप असले, तरी त्याची जागा टेबलावर आहे.

आता खरेदीबद्दल. आमच्यावर कोणी असा आक्षेप घेईल, की तुम्ही जाड, अवजड यंत्रांची तरफदारी करता. पण पाठीवर ओझे वाहून अहमदाबादला किंवा पुण्याला जाणाऱ्या मुलांचा विचार कोण करणार? आक्षेप रास्त आहे. अडीच किलोंचे यंत्र आणि विटेएवढा चार्जर रोज वाहणे सोपे नाही. परंतु आमचे म्हणणे एवढेच, की पातळपणा आणि ताकद ही दोन्ही टोके एकदम मागू नयेत. ज्याला लेख लिहायचे, हिशेब मांडायचे, प्रोग्रॅमिंग शिकायचे, त्याचे काम क्षणभर जोर लावून संपणारे असते. तवा तापायला वेळ लागतो, तसा येथेही लागतो आणि तोवर काम झालेले असते. अशाने पातळ पण मध्यम ताकदीचा लॅपटॉप घ्यावा. तो फारसा तापणार नाही आणि पैसेही वाचतील. ज्याला वास्तुशास्त्र, अॅनिमेशन किंवा मोठे आराखडे करायचे आहेत, त्याचे यंत्र तासन्‌तास पूर्ण जोराने चालते. त्याने जाडीला नाक मुरडू नये. पातळही आणि सर्वांत शक्तिमानही असे यंत्र बहुधा सर्वांत महाग असते, आणि त्याच्या किमतीचा मोठा भाग दिसण्यावर जातो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण येथेही लागू पडते. मित्राकडे आहे म्हणून वडिलांनी कर्ज काढावे, एवढी कोणत्याही लॅपटॉपची योग्यता नाही.

विश्वस्त मंडळींनाही आमची एक नम्र सूचना आहे. शाळेसाठी संगणक घेण्याचा विचार होईल तेव्हा दिसायला आकर्षक अशा लॅपटॉपपेक्षा टेबलावरचे साधे संगणक आधी विचारात घ्यावेत. त्यांच्या पेटीत हवेला जागा असते, त्यांत फुगणारी मोठी बॅटरी नसते, आणि पंखा बिघडला तर जवळच्या दुकानातून आणून बदलता येतो. संगणकाची खोली वरच्या मजल्यावर पत्र्याखाली नसावी. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, जाणकाराकडून आतली धूळ काढून घ्यावी. हे सर्व फार खर्चाचे नाही.

उष्णता हा केवळ आपल्या घरगुती यंत्रांचा प्रश्न आहे असेही नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्याच मालिकेतला परम ब्रह्म पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ पासून आहे आणि त्याला थंड ठेवण्यासाठी थेट द्रवाचा वापर केला आहे. गणित करणारे यंत्र जितके मोठे, तितका त्याला थंड ठेवण्याचा विचार मोठा. आपल्या मुलांपैकी कोणी उद्या हेच काम हाती घेईल. महाराज सयाजीरावांच्या काळात १८९० साली या गावात कलाभवन सुरू झाले. यंत्र चालवणाऱ्याला यंत्र कळावे, हा विचार येथे तेव्हापासून रुजलेला आहे. आज ती परंपरा विद्यापीठाच्या तंत्रशास्त्र शाखेत चालू आहे. मग आपल्या विज्ञान प्रदर्शनात एखाद्या गटाने तापमापक घेऊन हाच प्रयोग का करू नये? एकच लॅपटॉप सकाळी आणि दुपारी, टेबलावर आणि गोधडीवर ठेवून किती तापतो, याची नोंद करावी आणि आलेख काढावा. गोधडीवरचे मोजमाप पाच-दहा मिनिटांत, शिक्षकांच्या देखरेखीखाली संपवावे, म्हणजे झाले. त्या आलेखाने घरच्यांची जेवढी खात्री पटेल, तेवढी आमच्या लेखाने पटणार नाही.

तोवर पालकांनी आज रात्री एकच करावे. मुलांचा लॅपटॉप झोपताना कोठे असतो आणि त्याला चार्जर लावलेला आहे का, ते एकदा पाहून यावे.