शिशाची गोळी कोणाची साक्ष देते?

नरडाण्याच्या बांधवांनो, तापीकाठी शिशाची जुनी गोळी सापडली तर तिला लगेच राजेरजवाड्यांचे नाव चिकटवू नका. तिचा पांढरट थर न खरवडता व्यास मोजा. गोल, सुमारे साडेसतरा मिलिमीटरची असेल तर ती कंपनीच्या बंदुकीची असू शकते. टोकदार, बुडाशी पोकळ असेल तर १८५० च्या आसपासची वा नंतरची.

१ जानेवारी १८१८ च्या कोरेगावात पडलेल्या महार शिपायांची नावे स्तंभावर कोरली गेली, म्हणून आज आपल्याला ठाऊक आहेत. २७ फेब्रुवारी १८१८ ला इंग्रजांनी तापीकाठचे थाळनेर घेतले. फाशी दिलेल्या किल्लेदाराचे नाव गॅझेटियरात आहे. कापल्या गेलेल्या शिबंदीची नावे नाहीत. अशा अनामिकांची साक्ष ही गोळीच देते.

म्हणून ती भंगारात विकू नका. जागा टिपून तहसीलदाराला कळवा. आपला इतिहास इतरांनी पुसला. उरलेला पुरावा निदान आपल्या हातून तरी पुसला जाऊ नये.