वीस मिनिटांचा कौल

कुळागरात वा भातशेतीत घोणस किंवा फुरसे डसले, की विष रक्तातील गोठण्याची द्रव्ये संपवू लागते. रुग्ण वरकरणी ठीक दिसतो; पुढे हिरड्यांतून, लघवीवाटे रक्त जाते, मूत्रपिंडे निकामी होतात. या अरिष्टाची चाहूल देणारी चाचणी अत्यंत साधी आहे. कोऱ्या, कोरड्या काचनळीत थोडे ताजे रक्त घ्यावे, 20 मिनिटे न हलविता ठेवावे आणि नळी कलती करावी. रक्त वाहिले, तर प्रतिविष विनाविलंब द्यावे. गोठले तरी निश्चिंत राहू नये. विष सावकाश भिनते, म्हणून चाचणी पुनःपुन्हा करावी लागते. नाग व मण्यार यांच्या दंशात मात्र तिचा उपयोग नाही. तेथे पापण्या आणि श्वास यांवरच लक्ष हवे.

2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा संकल्प केंद्र सरकारने 2024 साली सोडला. संकल्प स्तुत्य खरा; परंतु नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल, तर तिचा कौल खोटा ठरतो. आमची मागणी माफक आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात कोऱ्या काचनळ्या व प्रतिविष असावे, आणि गरज दिसताच पहिली मात्रा तेथेच मिळावी. मोठ्या इस्पितळाची वाट लांबची असते. विष तोवर थांबत नाही.