नेटवर्क फुल, पण फोटो जाईना! अपलोडची गती कोण मोजणार?

गगनबावडा किंवा राधानगरी तालुक्यातले डोंगरउतारावरचे भाताचे शिवार. शेतकरी बांधावर उभा राहून पिकाचा फोटो काढतो आणि ई-पीक पाहणीच्या ॲपमधून पाठवतो. मोबाईलवर नेटवर्कच्या तीन दांड्या दिसत असतात. मघाशी याच जागी व्हिडिओही न अडकता चालला होता. फोटो मात्र जात नाही, चक्र गोल फिरत राहते. शेजारचा म्हणतो, ‘सर्व्हर डाउन असणार.’

अनेकदा तसे असतेही. पण सर्व्हर ठणठणीत असतानाही फोटो अडकू शकतो. कारण मोबाईलकडे येणारा रस्ता रुंद असतो आणि मोबाईलकडून जाणारा अरुंद. येणारी गती म्हणजे डाउनलोड, जाणारी म्हणजे अपलोड. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापतात ती पहिली. गावातल्या माणसाचे काम अडते ते दुसरीमुळे.

दोन रस्ते वेगळे का?

याचे मूळ तांब्याच्या टेलिफोन वायरीत आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बेलकोर या संशोधन संस्थेत जोसेफ लेकलायडर हे अभियंता टेलिफोनच्या तारेतून व्हिडिओ पाठवता येईल का, या प्रश्नावर काम करत होते. एका जाड केबलमध्ये शेकडो तारा शेजारी शेजारी असतात आणि एकीतला सिग्नल दुसरीत मिसळतो. दोन्ही दिशांना सारखी गती ठेवली, तर ही मिसळ फार वाढते. घराकडून जाणारी गती मुद्दाम कमी ठेवली, तर घराकडे येणारी बरीच वाढवता येते, हे लेकलायडर यांनी दाखवले. एडीएसएल या नावातल्या पहिल्या ‘ए’चा अर्थच ‘असमान’ असा आहे. पुढच्या एडीएसएल-टू-प्लस प्रकारात डाउनलोड २४ एमबीपीएसपर्यंत गेले, तरी अपलोड साधारण १ एमबीपीएसच राहिले.

त्या काळात हा हिशेब बरोबर होता. लोक घरी बसून बघणार होते, पाठवणार फारसे नव्हते.

मोबाईलमध्ये अडचण वेगळी

मोबाईलमध्ये तांब्याची तार नाही, पण असमानता आहेच. टॉवरवरचा ट्रान्समीटर साधारण २० ते ४० वॅट ताकदीने बोलतो. हातातल्या ४जी फोनची ताकद जास्तीत जास्त ०.२ वॅटच्या आसपास. म्हणजे एकाकडे लाउडस्पीकर आणि दुसऱ्याने साध्या आवाजात उत्तर द्यायचे. टॉवरचे कान तीक्ष्ण असतात हे खरे, पण मध्ये डोंगर किंवा दाट झाडी आली की फोनचा आवाज क्षीण होतो. मग फोन पूर्ण ताकद लावतो, बॅटरी भराभर उतरते आणि गती घसरते.

स्क्रीनवरच्या दांड्या टॉवरचा आवाज फोनला किती ऐकू येतो, ते दाखवतात. फोनचा आवाज टॉवरला किती ऐकू जातो, ते त्या सांगत नाहीत. ‘नेटवर्क फुल, पण फोटो जात नाही’ या तक्रारीचे उत्तर बरेचसे इथेच आहे.

शिवाय ४जीच्या २३०० मेगाहर्ट्झ आणि ५जीच्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत येणे आणि जाणे एकाच लहरीवर, वेळ वाटून चालते. बहुतेक लोक बघतात जास्त, म्हणून कंपन्या जास्त वेळ डाउनलोडला देतात.

अपलोड तुंबला की डाउनलोडही अडतो

अपलोडशी आपला संबंध नाही, असे फक्त व्हिडिओ बघणाऱ्यालाही म्हणता येत नाही. इंटरनेटवरची बरीचशी माहिती छोट्या पाकिटांत येते आणि मिळालेल्या पाकिटांची पोच पाठवावी लागते. पोच पोहोचली, तरच समोरचा पुढची पाकिटे सोडतो. ही पोच अपलोडच्याच रस्त्याने जाते.

साधा हिशेब करू. एक पाकीट १५०० बाइटचे आणि दर दोन पाकिटांमागे ४० बाइटची एक पोच. म्हणजे डाउनलोडच्या ७५व्या हिश्श्याएवढा अपलोड नुसत्या पोचपावत्यांनाच लागतो. ३० एमबीपीएसने काही उतरवायचे, तर ०.४ एमबीपीएस अपलोड मोकळा हवा. तो ०.२च असेल, तर डाउनलोड १५च्या पुढे सरकणे कठीण. त्यात घरातल्या कुणाच्या फोनवरून फोटोंचा बॅकअप सुरू झाला, की पोचपावत्या त्या फोटोंच्या मागे रांगेत उभ्या राहतात आणि सगळ्या घराचे नेट ‘स्लो’ होते.

हा प्रश्न नवा नाही. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने डिसेंबर २००२ मध्ये असमान रस्त्यांवर काय करावे, याची स्वतंत्र मार्गदर्शिकाच काढली. पोचपावत्यांना रांगेत पुढे जाऊ द्यावे, त्यांची संख्या कमी करावी, असे उपाय त्यात आहेत.

आता गाव पाठवू लागले आहे

बदलले आहे ते गावाचे काम. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावरची पीक नोंद शेतकऱ्याच्या मोबाईलमधून होऊ लागली. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवर ॲपमधून हजेरी आणि दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो पाठवणे बंधनकारक झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे काम १८ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाले. सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची प्रकरणे इथे येतात, आणि ई-फायलिंग म्हणजे स्कॅन केलेल्या पानांचे गठ्ठे अपलोड करणेच.

सरकार नागरिकाला ‘बघा’ म्हणत होते, ते आता ‘पाठवा’ म्हणू लागले आहे. पाठवण्याच्या रस्त्याची हमी मात्र कुणी घेतलेली नाही.

ब्रॉडबँड कशाला म्हणायचे, याची सरकारी व्याख्याच पाहा. २००४ मध्ये किमान २५६ केबीपीएस, २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस आणि जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएस. तिन्ही वेळा आकडा फक्त डाउनलोडचा. अपलोड शून्याच्या जवळ गेला, तरी कागदोपत्री ते ब्रॉडबँडच. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०१५ मध्ये २५ एमबीपीएस डाउनलोडसोबत ३ एमबीपीएस अपलोडची अट घातली होती. मार्च २०२४ मध्ये ती १०० आणि २० केली. तिथेही दोन्ही आकडे समान नाहीत, पण दुसरा आकडा आहे.

सगळ्यांना दोन्हीकडे सारखी गती द्या, ही मागणी इथे नाही. लहरी मर्यादित आहेत, त्यांचा खर्च मोठा आहे आणि बहुतेक वापर अजूनही बघण्याचाच आहे. मुद्दा किमान हमीचा आहे. फायबर घरापर्यंत किंवा ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचले की ही दरी बरीच कमी होते. सर्रास वापरात असलेल्या जीपॉन फायबरमध्ये एका जोडणीवर साधारण २.५ जीबीपीएस खाली आणि १.२५ जीबीपीएस वर, असे दोनास एक प्रमाण असते. ती क्षमता अनेक ग्राहकांत वाटली जाते, तरी प्रमाण तेच राहते. पण शेतापर्यंत फायबर जात नाही. तिथे मोबाईलच.

ॲप रस्ता बघून बनवा

म्हणून दुसरी जबाबदारी ॲप बनवणाऱ्यांची. आजच्या फोनचा फोटो ४ एमबीचा सहज असतो. म्हणजे ३२ मेगाबिट. अपलोड ०.२ एमबीपीएस असेल, तर त्याला १६० सेकंद लागतात. तोच फोटो फोनमध्येच ४०० केबीपर्यंत लहान केला, तर १६ सेकंदांत जातो. पीक भाताचे की उसाचे, हे ओळखायला ४०० केबी पुरे आहेत.

सक्तीच्या प्रत्येक सरकारी ॲपला चार अटी लावाव्यात. फोटो फोनमध्येच लहान व्हावा. नेट नसेल तर तो साठवून ठेवावा आणि रेंज आल्यावर आपोआप जावा. तुटला तर तुटला तिथून पुढे जावा, पहिल्यापासून नव्हे. आणि मुदत मोजताना फोटो काढल्याची वेळ धरावी, पोहोचल्याची नव्हे. यातले काहीही तंत्रज्ञानाला अवघड नाही. शहरातल्या वायफायवर तपासलेले ॲप बांधावर नेऊन तपासायला मात्र कुणीतरी हवे.

वाचकांना काय करता येईल?

ट्रायच्या माय स्पीड ॲपवर दोन्ही आकडे दिसतात. गती घरी मोजावी, शेतातही मोजावी आणि तक्रार करताना दोन्ही आकडे द्यावेत. महत्त्वाची फाईल पाठवताना फोटोंचा बॅकअप थांबवावा. कागदपत्रे रंगीत न करता कृष्णधवल स्कॅन करावीत, आकार बराच उतरतो. फोटो अडकला तर उंच, मोकळ्या जागी जाऊन पुन्हा पाठवून बघावे.

कोल्हापूर जिल्ह्याला गावाकडून बाहेर जाणाऱ्या मालाचे मोल नव्याने सांगायला नको. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या गोकुळने वाड्या-वस्त्यांवरून सकाळ-संध्याकाळ दूध गोळा करण्याची व्यवस्था उभी केली, म्हणून ते दूध शहरात पोहोचले. ऊसही शिवारातूनच कारखान्याकडे जातो. त्या वाहतुकीसाठी रस्ते मागायला इथला शेतकरी कधी लाजला नाही. नव्या टॉवरच्या उद्घाटनाला गतीचा आकडा जाहीर होईल, तेव्हा त्याने एवढेच विचारावे : हा येण्याचा झाला, जाण्याचा किती?