अमावास्येवरचा आळ

आमच्याकडे दर महिन्याला दोन कागद हटकून येतात. एक पगाराचे पत्रक. दुसरे, कोणी ना कोणी सहकारी आग्रहाने पुढे करतो ते अमावास्येच्या पंधरवड्याचे भविष्य. पहिल्यात चूक निघाली तर लेखाशाखेला जाब विचारता येतो. दुसऱ्याला जाब विचारण्याची सोयच नाही, आणि आमचे भांडण नेमके येथे आहे.

चंद्र सूर्याच्या दिशेला गेला, एवढाच या तिथीचा अपराध! सुमारे साडेएकोणतीस दिवसांनी हे घडते आणि पंचांगकर्ता तो क्षण घटकापळांनिशी देतो. या गणिताविषयी आम्हांस आदर आहे; शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा १८९६ सालचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास ज्याने चाळला आहे त्यास तो वाटल्यावाचून राहणार नाही. पण गणिताने कमावलेल्या पतीवर फलिताने उधारी करावी, हे आम्हांस मान्य नाही. ग्रहणाची वेळ बरोबर निघाली, म्हणून ‘या काळात सही करू नये’ हा सल्ला खरा कसा ठरतो?

नोकरीपायी आम्ही काही वर्षे चेन्नईत काढली. अमावास्या शुभ मानून त्या दिवशी नवे काम आरंभणारे लोक तेथे पुष्कळ भेटले. पुढे दिल्लीस बदली झाली, तर येथला महिनाच पौर्णिमेला संपतो. आमची माघातली महाशिवरात्र शेजाऱ्यांच्या फाल्गुनात पडते. घरचा न्याय तरी कोठे सरळ आहे? एरवी अमावास्येला उंबरठा ओलांडू न देणारी आजी आश्विनातल्या अमावास्येला लक्ष्मीपूजनाची घाई करते, आणि व्यापारी त्याच सायंकाळी नव्या वह्या पूजतो. एकच रात्र चेन्नईत मंगल व पुण्यात अमंगल ठरत असेल, तर गुण चंद्राचा म्हणावा की रेल्वेच्या तिकिटाचा? त्यात सायन आणि निरयन राशिचक्रांत आज सुमारे चोवीस अंशांचे अंतर पडले आहे. म्हणजे बहुतेक वेळा एकाच अमावास्येचा चंद्र पाश्चात्य भविष्यकाराच्या कर्केत असतो तेव्हा आपल्याकडच्याच्या मिथुनेत. फळ मात्र दोघेही छातीठोकपणे सांगतात.

समुद्राला उधाण येते, मग मनाला का येऊ नये, असा प्रश्न आम्हांस नेहमी केला जातो. उधाण पौर्णिमेलाही येते. त्या दिवशी आपण सत्यनारायण घालतो.

१९६२ च्या फेब्रुवारीत मकर राशीत आठ ग्रह जमले. जोडीला अमावास्या आणि सूर्यग्रहण. प्रलयाच्या धास्तीने देशभर यज्ञ झाले, तूप जळाले. प्रलय आला नाही. त्याच महिन्यात लोकसभेची निवडणूक मात्र यथासांग पार पडली. यज्ञांमुळेच अरिष्ट टळले, असे म्हणणारेही निघाले. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चाचणी घेतली, तेव्हा कुंडलीवरून मूल हुशार की मतिमंद एवढेच ओळखायचे होते. सत्तावीस ज्योतिष्यांची उत्तरे शेकडा सेहेचाळीस बरोबर आली. नाणे उडवले असते तरी पन्नासाच्या आसपास आली असती.

हे सारे ठाऊक असूनही पुष्कळ सुशिक्षित ‘असू द्या, करमणूक आहे’ म्हणून हसतात. आम्हीही हसत होतो. मग आमच्या एका सहकाऱ्याच्या आईला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी सरकारी रुग्णालयातून दिवस मिळाला, तो अमावास्येच्या आदला. भविष्यात शस्त्रक्रिया वर्ज्य सांगितली होती. तारीख सोडली, पुढची मिळाली तीन महिन्यांनंतरची. दरम्यान जिन्याची शेवटची पायरी न दिसून म्हातारी पडली आणि खुब्याचे हाड मोडले. सहकारी पुन्हा भविष्यकाराकडे गेले. त्याने पत्रिका मांडली, शनीकडे बोट दाखविले व दक्षिणा घेतली.

आम्ही घरी येऊन पंचांग उघडले. ती पडली त्या दिवशी शुक्ल पंचमी होती.