निकालाआधी पट वाचा

ग्रामीण मुलांचे शिक्षण तपासणाऱ्या 'असर' पाहणीचा अहवाल आला की दोन दिवस वर्तमानपत्रांत एकच मथळा फिरतो : तिसरीच्या पोराला दुसरीचा धडा वाचता येत नाही. मग सरकारी शाळेच्या नावाने बोटे मोडली जातात, मास्तरांच्या पगाराचे आकडे निघतात आणि विषय मिटतो. वर्गात बसलेली मुले कोणाची, हे विचारायचे राहूनच जाते.

आपल्याकडे हे विचारून झालेले आहे. ऑक्टोबर १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिले, त्याचा सगळा रोख याच गोष्टीवर होता. शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड कुणबी भरणार, त्यातला वाटा शिक्षणाला जाणार आणि शिकणार मात्र दुसऱ्यांची मुले, हा हिशेब त्यांना मान्य नव्हता. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातले घ्या, त्यांना बरा पगार द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. साहेबाचा भर उच्च शिक्षणावर होता. ज्ञान वरून झिरपत खाली येईल, अशी समजूत होती. ते झिरपले नाही, हे वेगळे सांगायला नको.

१९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड, ही तरतूद सगळ्यांना पाठ असते. मला त्याहून मोठा वाटतो तो १९१९ चा निर्णय : अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुले एकाच शाळेत बसवण्याचा. दंडाने पट वाढतो, पण पटावर कोण कोणाशेजारी बसेल हे दंडाने ठरत नाही.

पुढे जिल्हा परिषदा आल्या, वस्तीवस्तीवर शाळा गेली आणि पट हा कागदाचा विषय झाला. तुकडी टिकवायची तर पट हवा, पद टिकवायचे तर पट हवा. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली, तेव्हा एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून पोरांच्या बोटांना शाई लावावी लागली. पटावरची जवळपास २० लाख नावे वर्गात सापडली नाहीत. सगळीच बोगस नव्हती. कोणी आजारी असेल, कोणी गावाला गेले असेल. पण ज्या राज्याला आपल्या शाळांत किती मुले आहेत हेच नीट ठाऊक नव्हते, ते त्या मुलांच्या गुणवत्तेची टक्केवारी मात्र बिनदिक्कत छापत होते.

पटावर खरे असलेले मूलही वर्षभर वर्गात असतेच असे नाही. बीड जिल्ह्यातली ऊसतोड कामगारांची गावे घ्या. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, त्यावर मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) आधीच घेतलेली. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ट्रॅक्टर लागतात आणि वर्ग निम्मा होतो. जे पोर आई-बापाबरोबर जाते ते फडाशेजारच्या कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळते आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर परतते, तोवर वर्षाची परीक्षा तोंडावर आलेली असते. मुलांनी गावातच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पण मंजुरी रेंगाळली तर ट्रॅक्टर थोडाच थांबतो? या शाळेची सरासरी आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या शाळेची सरासरी एकाच तक्त्यात लावून खालच्या शाळेला नोटीस काढणे, याला मूल्यमापन म्हणतात.

मात्र इथे एक पळवाट आहे. 'आमच्याकडे पोरेच तशी येतात' हे वाक्य शिक्षकांच्या बैठकीत फार सहज निघते. त्याला मोठा आधारही दाखवता येतो : १९६६ चा अमेरिकेतला कोलमन अहवाल. मुलाच्या गुणांवर शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीचा प्रभाव जास्त, असा त्याचा निष्कर्ष. पण १९८३ मध्ये हेनमन आणि लॉक्सली या अभ्यासकांनी २९ देशांची आकडेवारी तपासली, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. देश जितका गरीब, तितका घरापेक्षा शाळेचा आणि शिक्षकाचा वाटा मोठा. घरात पुस्तक नसेल तर ते शाळेतच भेटणार, इतकी ही साधी गोष्ट आहे.

'असर'चेच आकडे पाहा. ग्रामीण भारतात ६ ते १४ वयाच्या मुलांपैकी सरकारी शाळांत २०१८ मध्ये ६५.६ टक्के होती. कोविडनंतर, २०२२ मध्ये, ती ७२.९ झाली आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ वर आली. म्हणजे आलेल्यांपैकी बरेच जण पुन्हा खासगीकडे वळले. पण याच काळात सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांचे दुसरीचा मजकूर वाचण्याचे प्रमाण १६.३ वरून २३.४ टक्क्यांवर गेले, २०१८ च्या २०.९ च्याही पुढे. फी परवडणारी घरे गेली आणि वाचन सुधारले. पहिली-दुसरीतल्या वाचनावरच सगळा जोर दिल्याचा हा परिणाम असावा. २३.४ हा आकडा अभिमानाचा नाही, पण पोरे 'तशी' असूनही तो वाढला.

म्हणूनच फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने जे केले ते अधिक खुपते. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के जागांतून सूट, असा नियम आला. गरिबाच्या पोराने सरकारी शाळेतच जावे, बाकीच्यांनी कुठेही, असा त्याचा सरळ अर्थ. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. सरकारी शाळांवर एवढा विश्वास होता तर नियम काढणाऱ्यांनी आपल्या नातवंडांची नावे आधी तिथे घालायला हवी होती. तशी अट कोणत्याही अधिसूचनेत नव्हती.