शिधापत्रिकेत तुमचं नाव आहे ना?

मैत्रिणींनो, आमच्या घरात एक चूल आणि दोन पक्ष आहेत. आमचे हे एका पक्षाचे, धाकटे भाऊजी दुसऱ्या. दोघे पाटावर बसले की वरण निवेपर्यंत वाद चालायचा. मी आणि माझी जाऊ वाढता वाढता ऐकायचो, आणि ओट्याशी आलो की हसायचो. तुमच्याकडेही याहून फार वेगळं नसावं!

२३ नोव्हेंबर २०१९ ची सकाळ मला चांगली आठवते. दूरदर्शन संचावर पहाटेच्या शपथविधीची बातमी झळकली आणि दोघा भावांनी घर डोक्यावर घेतलं. कोणी कोणाला फसवलं, कोण कोणाला विकलं गेलं, अगदी हातघाईवर आले. त्याच वेळी जाऊ पाण्याची घागर घेऊन पायरीवर मटकन बसली. धाप थांबेना. ओठ निळसर दिसत होते. दोन महिन्यांपासून ती म्हणत होती, "बाई, चढ चढवत नाही मला." आम्ही म्हणायचो, रक्त कमी असेल, खजूर खात जा.

जालन्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, लहानपणी सांधे धरणारा ताप येऊन गेला असणार, त्यानं हृदयाची झडप अरुंद झालीय. शस्त्रक्रिया करावी लागेल. औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) एका मोठ्या रुग्णालयात गेलो. केशरी शिधापत्रिका होती, म्हणजे महात्मा फुले जनआरोग्य योजनेत दीड लाखापर्यंतचा खर्च बसणार, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. तिथल्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी एक गुणी मुलगा बसला होता. त्यानं पत्रिका उलटसुलट पाहिली आणि हळूच म्हणाला, "ताई, यात पेशंटचं नाव नाही."

आणि खरं सांगते, तिथं त्या टेबलापुढेच दोघे भाऊ भांडू लागले. हे म्हणाले, "योजना आमचीच. २ जुलै २०१२ ला सुरू झाली तेव्हा नाव राजीव गांधींचं होतं. तुम्ही २०१७ साली फक्त पाटी बदललीत." भाऊजी म्हणाले, "१९९७ ला जीवनदायी योजना कोणी आणली? युतीनंच ना?" दोघांचं म्हणणं खरं होतं. बाकावर बसून श्वास ओढणाऱ्या जावेचं नाव मात्र कोणत्याच सरकारच्या यादीत नव्हतं.

लग्न झालं २०१७ साली. माहेरच्या पत्रिकेतून तिचं नाव कमी झालं, आणि इकडे ते घालायचं राहूनच गेलं. "रेशनचं धान्य तर मिळतंय, घाई काय?" असंच सगळे म्हणत होतो. यात कचेरीचा दोष नाही. आम्ही अर्जच केला नव्हता. मी बी.ए. झालेली, अर्धवेळ का होईना, शाळेत पोरांना अर्जलेखन शिकवते. 'मा. तहसीलदार साहेब, यांस' हे मायना म्हणून फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! घरातल्या सुनेसाठी एकदाही लिहिलं नाही. ते अजून मनाला लागतं.

डॉक्टर थांबायला तयार नव्हते. जावेची पोत आणि माझ्या पाटल्या सोनाराकडे गेल्या, उरलेलं व्याजानं काढलं. शस्त्रक्रिया नीट झाली. आता तिला रक्त पातळ राहण्याची गोळी रोज घ्यावी लागते आणि ठराविक दिवसांनी रक्त तपासावं लागतं, पण ती पायऱ्या चढते.

पुढे आपल्याच जिल्ह्यातले राजेश टोपे आरोग्यमंत्री झाले, २०२० च्या मे महिन्यात कोरोनामुळे योजना सगळ्यांना लागू केली, हे खूश! मग २८ जून २०२३ ला शिंदे सरकारनं मर्यादा पाच लाख केली आणि पत्रिकेच्या रंगाची अट काढली, भाऊजी खूश! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राच्या आयुष्मान योजनेवर महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. सुमारे साडेसात लाख लाभार्थींच्या नावापुढे एकच मोबाइल क्रमांक, दहाच्या दहा आकडे नऊ! सरकारनं खुलासा केला की ओळख मोबाइलवरून पटवत नाहीत. आमच्याकडे त्यावर आठवडाभर रण माजलं. मी मात्र उठून आमच्या कार्डाला कोणाचा क्रमांक जोडलाय ते पाहिलं. भाऊजींचा, तोही बंद पडलेला.

तेव्हा मैत्रिणींनो, मतं कोणालाही द्या, पण आज दुपारी जेवणं उरकली की पत्रिका काढा. तुमचं नाव आहे का? आधारवर जसं आहे तसंच आहे का? आमच्याकडे नंतर नाव चढलं तेही माहेरच्या आडनावानं, पुन्हा खेटे! सून नवी असेल तर माहेरच्या तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला आणा, तो जोडून इकडे अर्ज द्या, पोच घ्या. बाळाचं नावही जन्मदाखला मिळताच घाला. रुग्णालयात गेल्यावर पैसे भरण्याआधी आरोग्यमित्र कुठे बसतात ते विचारा. 'आधी भरा, मग बघू' असं कोणी म्हणालं तर १५५३८८ वर फोन करा, पैसे लागत नाहीत. आणि सगळे उपचार सगळीकडे मिळत नाहीत, काही फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेत, तेही आधीच विचारून घ्या.

वाटूर फाट्यावर भाजी घेताना परवा एक ओळखीची मुलगी भेटली. लग्नाला चार वर्षं झाली, पत्रिकेत नाव नाही. दाखला तिच्या आईकडे पडून आहे म्हणाली. सोमवारी माझे तास दुपारी आहेत. सकाळच्या गाडीनं मी आणि जाऊ तिच्याबरोबर परतूरला जाऊन येणार आहोत.